वाजणारा फोन आणि आपले वृद्धजन

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी)

शास्त्रवाचन : उत्पत्ती २७:१-३५, उत्पत्ती ९:२०-२३, लेवीय १९:१४ व ३२, अनुवाद २२:८, २ शमुवेल १९:३१-३९, यशया ४६:३, ४, योहान १९:२५-२७.

पाठाचा हेतू : ज्यांची स्मरणशक्ती क्षीण होत चालली आहे अशा वृद्धांना फोनवरून माल, विमा, कर्ज इत्यादी विकणाऱ्यांपासून कसे जपावे, व हे करताना त्यांचा मान कसा राखावा, याचा पवित्र शास्त्राच्या प्रकाशात विचार करणे.

प्रस्तावना

गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी आम्ही तिघे जण बुऱ्हाणपूरच्या लालबागेत एका घरी भेटीस गेलो होतो. रेल्वे स्टेशन याच भागात असल्यामुळे बोलता बोलता गाडीची शिटी ऐकू येई. ज्यांच्या भेटीस गेलो होतो त्या मंडळीतील जुन्या शब्बाथशाळा शिक्षिका. आम्हा तिघांपैकी दोघे त्यांच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून आजही आम्ही त्यांना 'बाई' असेच म्हणतो. बाईंना लहानपणी पाठ केलेली स्तोत्रे अजून तोंडपाठ आहेत, पण सकाळी चहा घेतला की नाही हे आठवत नाही. डॉक्टरांनी या आजाराला स्मृतिभ्रंश असे नाव दिले आहे.

आम्ही तेथे होतो तेवढ्या तासाभरात बाईंचा मोबाईल तीन वेळा वाजला. एक जण कर्ज देऊ करीत होता. दुसरा विम्याविषयी बोलत होता. तिसऱ्याने गुडघेदुखीच्या तेलाची चौकशी केली आणि बाई मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "हाँ बेटा, भेज दो." सूनबाईंनी निमूटपणे कपाट उघडून दाखविले. त्यात त्याच तेलाच्या सात बाटल्या होत्या, व दोन पार्सले तर उघडलेलीही नव्हती. पैसे पार्सल आणणाऱ्याच्या हाती रोख दिलेले.

आम्ही शहाणपणाने म्हणालो, "बाई, अनोळखी माणसाशी फोनवर बोलत जाऊ नका." बाई म्हणाल्या, "बरं." थोड्या वेळाने फोन वाजला आणि त्यांनी तो पुन्हा उचलला. मग आमच्यापैकी एकाने हळूच विचारले, "बाई, कोण असतो हो हा?" त्यावर त्या म्हणाल्या, "तो मुलगा रोज विचारतो, जेवलात का म्हणून. तुम्ही किती दिवसांनी आलात?"

आमच्याजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. प्रस्तुत पाठ त्या प्रश्नातूनच निघाला आहे.

१. हा आजार आहे, वयाचा दोष नव्हे

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' अशी म्हण आहे. कोणी 'म्हातारचळ' असाही शब्द वापरतात. हे दोन्ही शब्द आपण मंडळीतून काढून टाकले पाहिजेत. वय झाले म्हणजे बुद्धी जातेच असे नाही. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. त्याच्या अनेक प्रकारांपैकी सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली केले, आणि त्यांचेच नाव त्याला पुढे मिळाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी शेकडा सुमारे ७.४ जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना, हा आजार असावा. तेव्हा ज्या मंडळीत शंभर वृद्ध आहेत तेथे सात-आठ घरांत हे दुःख असण्याचा संभव आहे. पुष्कळदा ते घराबाहेर सांगितले जात नाही, एवढेच.

फोनवरच्या विक्रेत्यापुढे असा मनुष्य इतका असहाय का होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. या आजारात बहुधा नवी आठवण आधी जाते व जुनी मागे राहते. कालचा फोन, कालचे पार्सल, काल दिलेले पैसे यांची मनात नोंदच होत नाही. म्हणून प्रत्येक फोन हा पहिलाच फोन असतो. दुसरे असे की, लाभहानीचा हिशेब करण्याची शक्ती मंदावते. दोन रकमांची तुलना करणे किंवा 'यात काही डाव तर नसेल?' अशी शंका घेणे जड जाते. परंतु जन्मभराची सभ्यता मात्र राहते. आलेल्याला बसा म्हणावे, बोलणाऱ्याचे बोलणे तोडू नये, प्रेमाने विचारणाऱ्याला नाही म्हणू नये, हे वळण पुसले जात नाही. विकणारा याच सभ्यतेवर आपले दुकान मांडतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा मनुष्याला बजावून, रागावून किंवा भिंतीवर सूचना लिहून फारसा उपयोग होत नाही. दिलेली ताकीद ध्यानात राहत नाही, पण रागावणाऱ्याच्या स्वराने झालेले दुःख मनात राहते. तेव्हा लक्षात ठेवण्याचे काम आपण आपल्याकडे घेतले पाहिजे.

येथे एक व्यवहाराची सूचना. पैशांच्या व्यवहारात नव्याने होऊ लागलेल्या चुका, उदाहरणार्थ तीच वस्तू पुन्हा पुन्हा मागविणे किंवा बिल दोनदा भरणे, ही कधी कधी या आजाराची पहिली खूण असते. अशा वेळी डॉक्टरांना अवश्य दाखवावे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा विकार किंवा मनाची उदासीनता यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. कमी ऐकू येणे हेही या आजाराचा धोका वाढविणारे एक कारण मानले जाते. म्हणून कानांची तपासणी टाळू नये.

२. इसहाकाचा तंबू (उत्पत्ती २७)

वृद्ध मनुष्याला त्याच्याच घरात फसविल्याची ही शास्त्रातील मोठी कथा आहे. इसहाकाची दृष्टी गेली होती. समोर कोण आहे हे त्याला आवाजावरून, स्पर्शावरून व वासावरून ओळखावे लागत होते. याकोब एसावाचे कपडे घालून आणि हातांना करडांची कातडी गुंडाळून आत आला.

वर्गात हा अध्याय वाचताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. इसहाकाला शंका आली होती. एवढ्या लवकर शिकार कशी मिळाली, असे त्याने विचारले. जवळ बोलावून हात चाचपून पाहिले. आवाज एकाचा व हात दुसऱ्याचे वाटतात, हे त्याने बोलूनही दाखविले. पुन्हा एकदा त्याने, तू माझा तोच मुलगा ना, असा प्रश्न केला. त्याची बुद्धी आपले काम करीत होती. पण ती शंका ज्याच्याजवळ बोलावी असा दुसरा कोणी त्या तंबूत नव्हता. फसविणाऱ्यालाच त्याला विचारावे लागले, आणि फसविणाऱ्याने देवाचे नाव घेऊन उत्तर दिले (वचन २०).

आज फोनवर असेच घडते. येथे तर हात चाचपण्याचीही सोय नाही. फक्त आवाज आहे. तो 'माँजी' म्हणतो, नावाने हाक मारतो, बँकेचे किंवा सरकारी खात्याचे नाव सांगतो, कधी देवाच्या कार्यासाठी देणगीही मागतो. आपल्या वृद्धांनाही पुष्कळदा शंका येते. 'असं कसं बाबा?' असे त्या विचारतात. पण विचारतात कोणाला? त्याच फोनवरच्या माणसाला! म्हणून पहिला उपाय असा की, शंका आली त्या क्षणी विचारता येईल असा आपला एक मनुष्य त्यांना ठाऊक असावा, व त्याचा फोन एका बटनाने लागावा.

या अध्यायातून आणखी एक कडू सत्य निघते. फसविणारा परका नव्हता. पोटचा मुलगा होता, आणि त्याला घरातूनच मदत झाली. वृद्धांचे पैसे सांभाळण्याच्या नावाखाली ते गिळणारे याकोब आजच्या ख्रिस्ती घरांतही आहेत, हे आपण नाकारू नये. यासाठी वृद्धांचा व्यवहार एकाच्याच हाती न ठेवता दोघांच्या माहितीत असावा, व त्याचा लेखी हिशेब असावा. इसहाकाला सत्य कळले तेव्हा तो थरथर कापू लागला, असे शास्त्र सांगते. फसविले गेलेल्या वृद्धाचे हे थरथरणे ज्याने पाहिले आहे, त्याला ही कथा पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

३. आंधळ्याच्या वाटेवर (लेवीय १९:१४)

देवाने इस्राएलास जे नियम दिले त्यांत बहिऱ्याला शिव्याशाप देण्याची व आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याची मनाई आहे. हे दोन्ही अपराध असे आहेत की, ज्याच्यावर होतात त्याला अपराधी कोण हे कळत नाही. बहिऱ्याने शिवी ऐकलेली नसते, आंधळ्याने धोंडा ठेवणाऱ्याला पाहिलेले नसते. म्हणूनच त्या वचनाच्या शेवटी देवाचे भय बाळगण्याची आज्ञा आहे. जे कोणी पाहत नाही ते तो पाहतो.

ज्याला कालचे आठवत नाही त्याला आज पुन्हा तेच विकणे, हा या आज्ञेचा भंग आहे. कायद्याने तो गुन्हा ठरो वा न ठरो.

आता आपण स्वतःला एक अवघड प्रश्न विचारू या. फोन करणारा कोण असतो? तोही कोणाचा तरी मुलगा असतो. पुणे, मुंबई, इंदूर येथील कॉल सेंटरांत हजारो तरुण काम करतात, आणि त्यांत आपल्या मंडळ्यांची मुलेमुलीही आहेत. हे काम मुळात वाईट नाही. पुष्कळ जण तेथे प्रामाणिकपणे लोकांच्या अडचणी सोडवितात. पण दर महिन्याला ठरावीक विक्री झालीच पाहिजे, अशी टांगती तलवार डोक्यावर असली की, मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी बोथट होऊ लागते.

ती बोथट होत गेली तर कोठवर जाते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर धाड घातली. तेथून अमेरिकेतील लोकांना फोन करून, आम्ही तुमच्या आयकर खात्याचे अधिकारी आहोत, पैसे भरा नाहीतर अटक होईल, अशी भीती घालण्यात येत असे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने भारतातील अशा कॉल सेंटरांच्या जाळ्यासंबंधी खटला दाखल केला. तेथे पुढे आलेल्या माहितीप्रमाणे किमान १५,००० लोक फसले होते, आणि वृद्ध व नव्याने तेथे राहावयास आलेले लोक यांना विशेष लक्ष्य करण्यात आले होते. जुलै २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने या प्रकरणात २१ जणांना शिक्षा दिल्या. काहींना २० वर्षांपर्यंत. मीरा रोडला फोनवर बोलणारे बहुतेक तरुण होते, व नोकरीच्या शोधात तेथे आले होते.

तेव्हा ज्या पालकांची मुले असे काम करतात त्यांनी पगार विचारावा तसे कामही विचारावे. तरुण संघात हा प्रश्न मोकळेपणाने चर्चेस घ्यावा : समोरच्या आवाजावरून बोलणारा गोंधळलेला, विसराळू किंवा वृद्ध आहे असे कळले तर आपण काय करू? 'माफ करा, आजी' म्हणून फोन ठेवणारा तरुण त्या दिवशी एक विक्री गमावतो, पण लेवीयातील आज्ञा पाळतो.

४. बर्जिल्लयाचे शहाणपण (२ शमुवेल १९)

अबशालोमाच्या बंडाच्या वेळी दावीद राजा महनाईम येथे आला असता ज्यांनी त्याला अन्नवस्तू पुरविल्या, त्यांत गिलादी बर्जिल्लय हा एक होता. पुढे राजा परत निघाला तेव्हा त्याने बर्जिल्लयाला यरुशलेमेत आपल्याजवळ राहण्याचे निमंत्रण दिले. वृद्धाने नम्रपणे नकार दिला. माझे वय ऐंशी वर्षांचे, आता मला चांगल्यावाईटाची पारख राहिली नाही, अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, असे त्याने स्वतःच सांगितले. आणि आपल्या जागी किम्हामाला पुढे केले.

आपली शक्ती ओसरत आहे हे वेळीच ओळखून आपल्या विश्वासातला मनुष्य स्वतः नेमणे, हे बर्जिल्लयाचे शहाणपण होय. आपल्यापैकी जे साठी-सत्तरीत आहेत व ज्यांची स्मृती शाबूत आहे, त्यांच्यासाठी हा धडा आहे. मुलांनी मागितल्यावर चिडून देण्यापेक्षा आपण होऊन व्यवस्था लावणे अधिक सन्मानाचे आहे. बँकेचे खाते विश्वासू मुलाच्या किंवा मुलीच्या नावे संयुक्त करणे, वारसाचे नाव नोंदविणे, मृत्युपत्र करणे, कागदपत्रे कोठे आहेत ते दोघांना सांगून ठेवणे, ही कामे आज करावी.

येथे कायद्याची थोडी माहिती असणे बरे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ११ व्या व १२ व्या कलमांप्रमाणे करार करतेवेळी मनुष्य त्या कराराचा अर्थ समजण्यास व आपले हित ठरविण्यास समर्थ असला पाहिजे. तसा तो नसेल तर करार टिकत नाही. म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाने फोनवर 'हो' म्हटले, एवढ्यावरून घरच्यांनी हताश होण्याचे कारण नाही. मात्र आजार केव्हापासून आहे हे दाखविणारा डॉक्टरांचा तारखेसह दाखला जवळ असावा.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण कोणाला मुखत्यारपत्र दिले आणि पुढे आपली बुद्धी ढासळली, तर त्याच कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे ते मुखत्यारपत्र संपुष्टात येते. ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. म्हणून केवळ मुखत्यारपत्रावर विसंबू नये. संयुक्त खाते व इतर व्यवस्था आधीच करून ठेवावी, आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

५. कठडा बांधा (अनुवाद २२:८)

नवे घर बांधणाऱ्याने छपराला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही, असा नियम मोशेच्या शास्त्रात आहे. लालबागेच्या वाचकांना कठड्याचे महत्त्व सांगावयास नको. त्यांच्या शेजारीच कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या कुशीतून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरास आणण्यासाठी ओळीने या विहिरी खोदल्या गेल्या. पाणी जीवन देते, तरी विहिरीच्या तोंडाला कठडा लागतोच. कठडा बांधल्याने पाण्याचा किंवा पाणी नेणाऱ्याचा अपमान होत नाही. फोनचेही तसेच आहे. तो काढून घेणे म्हणजे विहीर बुजविणे होय. आपल्याला विहीर राखून कठडा बांधावयाचा आहे.

(अ) वृद्धांच्या मोबाईलवरून १९०९ या क्रमांकास फोन करून सर्व जाहिरातींचे फोन व संदेश बंद करण्याची नोंद करावी. ही नोंद त्याच मोबाईलवरून करावी लागते. भारतात अशी नोंदवही प्रथम २००७ साली सुरू झाली, व आजचे नियम २०१८ सालचे आहेत. नोंद असूनही फोन आला, तर त्याच १९०९ वर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत, तर बँका, विमा कंपन्या इत्यादींच्या कामकाजासाठी १६०० ने सुरू होणारे आहेत. पण जो फसविण्यासच निघाला आहे तो साध्या दहा आकडी क्रमांकावरून बोलतो आणि कोणतीही नोंदवही मानीत नाही. म्हणून एवढ्यावर थांबू नये.

(आ) मोबाईलमध्ये अशी व्यवस्था करून द्यावी की, ज्यांची नावे त्यात साठविली आहेत त्यांचाच फोन वाजेल. आजकालच्या बहुतेक मोबाईलांत ही सोय असते. मुले, नातवंडे, डॉक्टर, पाळकसाहेब, शेजारी, दूधवाला यांची नावे प्रथम घालावी. परक्याचा फोन मुळी वाजलाच नाही, म्हणजे नाही म्हणण्याचे ओझे वृद्धांवर पडत नाही.

(इ) न मागितलेली गाणी, भविष्य, खेळ यांसाठी मोबाईलमधून पैसे कापले जात असतील तर १५५२२३ या क्रमांकावरून त्या सेवा बंद करता येतात.

(ई) वृद्धांच्या रोजच्या वापराच्या खात्यात थोडीच रक्कम ठेवावी. त्यांना आपल्या हाताने खर्च करण्याचा आनंद राहील आणि मोठी हानी टळेल. बँकेचे संदेश मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाईलवरही यावेत, अशी विनंती बँकेस करावी. कार्डावरील ऑनलाईन व्यवहार बंद करून ठेवण्याची सोय बँकांनी ऑक्टोबर २०२० पासून दिलेली आहे, तिचा उपयोग करावा.

(उ) रोख पैसे देऊन पार्सल घ्यावयाचे ते सूनबाईंना किंवा मुलाला विचारल्याशिवाय घ्यावयाचे नाही, असे शेजाऱ्यांना व पार्सल आणणाऱ्यालाही सांगून ठेवावे.

६. शेम व याफेथ यांची पावले (उत्पत्ती ९:२०-२३)

नोहा आपल्या तंबूत उघडा पडला होता. हामाने ते पाहिले व बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम व याफेथ यांनी वस्त्र घेतले, पाठमोरे चालत आत गेले, आणि बापाकडे न पाहता त्याला झाकले. तिघांनाही बापाची स्थिती कळली होती. फरक झाला तो पुढच्या वागणुकीत.

वृद्ध फसले ही गोष्ट अंगणात सांगून हसणे, चारचौघांत 'आईने पुन्हा तेल मागवलं' म्हणून टोमणा मारणे, ही हामाची वाट आहे. पाठमोरे चालणे म्हणजे काय? कपाटातील बाटल्या त्यांच्यादेखत मोजू नयेत. 'तुम्ही फसलात' असे म्हणण्याऐवजी 'हे मी बघतो, आई' असे म्हणावे. मोबाईलमध्ये केलेली व्यवस्था, जोवर त्यांना समजते तोवर त्यांना विचारून करावी. हिशेबाची वही त्यांच्या हाती देऊन, 'सही करा, बाबा' म्हणावे. लेवीय १९:३२ मध्ये पिकल्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा आहे. त्या पिकल्या केसांखाली आठवण किती उरली आहे, याची अट तेथे घातलेली नाही.

आणि नुकसान झालेच तर? तर वेळ घालवू नये. खात्यातून पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर कळवावे व त्याच वेळी बँकेसही सांगावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे बँकेला कळविल्यानंतर जे अनधिकृत व्यवहार होतील त्यांचा भार बँकेवर पडतो. म्हणून प्रत्येक तास मोलाचा आहे. फोनवरून विमा घेतला गेला असेल, तर पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. वस्तूंविषयीच्या तक्रारीसाठी ग्राहकांचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि वृद्धांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक २०२१ पासून सर्व देशात चालू आहे. हे क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावावे.

७. बाईंचा प्रश्न

कठडा बांधून झाला, तरी बाईंच्या प्रश्नाचे उत्तर दिल्यासारखे होत नाही. तो मुलगा रोज विचारतो, तुम्ही किती दिवसांनी आलात? त्याचे फोन आपण बंद केले आणि त्या जागी काहीच ठेवले नाही, तर घर सुरक्षित होईल पण अधिक मुकेही होईल. फसविणाऱ्याला मंडळीपेक्षा एक गोष्ट चांगली कळली होती, ती ही की, एकट्या मनुष्याला कोणीतरी 'जेवलात का?' असे विचारावे लागते.

आपला प्रभू वधस्तंभावर असताना, असह्य वेदनेत, आपल्या आईची व्यवस्था लावण्यास विसरला नाही. त्याने तिला एका शिष्याच्या हाती सोपविले, आणि त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले (योहान १९). यशयाच्या ४६ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना उदरापासून वाहून आणल्याचे सांगतो, व केस पिकेपर्यंत तोच वाहून नेईल असे वचन देतो. तो वाहतो तो बहुधा मंडळीच्या खांद्यांवर.

त्या भेटीनंतर आम्ही एक लहानशी योजना केली. मोठी समिती नाही, वर्गणी नाही. मंडळीतील प्रत्येक एकाकी वृद्धासाठी दोन माणसे नेमली. ती आळीपाळीने रोज ठरल्या वेळी फोन करतात, नाव सांगतात, जेवण झाले का विचारतात, आणि एक लहान प्रार्थना करतात. पंधरवड्यातून एकदा भेट होते. बाईंच्या मोबाईलवर आता परक्यांचे फोन वाजत नाहीत. दुपारी चारला वाजतो तो त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाचा. त्याचे नाव बाईंना दर वेळी पुन्हा सांगावे लागते. पण त्याने गीताची पहिली ओळ सुरू केली की, पुढची बाई स्वतः म्हणतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

लहान वर्ग : नोहाच्या तीन मुलांची गोष्ट सांगावी. एका मुलाने पाठमोरे चालत जाऊन खुर्चीवर चादर टाकावी. नंतर विचारावे : आजीआजोबा एकच गोष्ट चार वेळा विचारतात तेव्हा आपण काय करतो?

मधला वर्ग : एकाने इसहाक व दुसऱ्याने याकोब होऊन, मध्ये पडदा धरून, उत्पत्ती २७ मधील संवाद आपल्या शब्दांत म्हणावा. इसहाकाने किती वेळा शंका काढली, ती मोजावी. प्रत्येकाने घरी जाऊन आजीआजोबांच्या मोबाईलमध्ये घरच्यांची नावे आहेत की नाहीत, ते आईवडिलांसह पाहावे.

मोठा वर्ग व तरुण संघ : चर्चेचे प्रश्न.
(१) विक्रीचे काम व फसवणूक यांच्यामधील सीमा कोठे आहे? कायदा व लेवीय १९:१४ ही सीमा एकाच ठिकाणी आखतात काय?
(२) वृद्धांचे रक्षण व वृद्धांचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा? मोबाईल काढून घेणे केव्हा योग्य, केव्हा अयोग्य?
(३) आपल्या मंडळीत असा कोण आहे, की ज्याच्याशी मंडळीपेक्षा विक्रेतेच अधिक वेळा बोलतात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून पाळकांकडे द्यावे. वर्ग संपण्यापूर्वी त्यांपैकी एकाला तेथूनच फोन करावा.

प्रार्थना : हे देवबापा, आम्ही विसरलो तरी तू आम्हांस विसरत नाहीस, म्हणून तुझे उपकार मानतो. ज्यांच्या आठवणी हरवत चालल्या आहेत त्यांना तुझ्या हातांत सांभाळ. त्यांची सेवा करून थकलेल्या सुनांना, लेकींना व मुलांना नवे बळ दे. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आमच्या तरुणांना तुझे भय व प्रामाणिक भाकर दे. आणि आम्हांला त्यांच्या दाराशी वेळेवर पोहोचणारी पावले दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.